चिठ्ठी टाकून दिलेलं औषध

२०२० साली हनुमान जयंती ८ एप्रिलला आली. देवळांना कुलपं होती, सुंठवडा घरातल्या घरात वाटला गेला. नेमक्या त्याच दिवशी ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष जाईर बोल्सोनारो यांनी पंतप्रधान मोदींना पाठवलेल्या पत्राची बातमी झळकली. लक्ष्मणाचे प्राण वाचवायला हनुमानाने हिमालयातून औषध आणलं होतं, तसं आता आपण एकमेकांच्या मदतीला धावू, असा त्या मजकुराचा रोख होता. हवं होतं ते औषध म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. ४ एप्रिलला भारताने त्याची निर्यात पूर्ण थांबवली, ६ तारखेला ट्रम्प यांनी पत्रकारांपुढे प्रत्युत्तराची भाषा केली आणि ७ तारखेला बंदी सैल झाली.

पत्र लिहिणाऱ्याने रामायणातला एक तपशील मात्र गाळला होता. हनुमानाला ती वनस्पती ओळखताच आली नव्हती. म्हणून तर त्याने शिखरच्या शिखर उपटून आणलं आणि नेमकी मुळी सुषेण वैद्याने निवडली. २०२०च्या उन्हाळ्यात डोंगर उचलून आणणारे जगभर पुष्कळ निघाले. हिवतापाचं औषध आलं, एड्सचं आलं, जंतांचं, संधिवाताचं, इबोलासाठी करून पाहिलेलं, फ्लूसाठी जपानने राखून ठेवलेलं, अशी सगळी आली. वानवा होती ती सुषेणाची.

जुनी औषधं नव्या रोगावर वापरून पाहायची कल्पना अजिबात वेडगळ नाही. नवं औषध शून्यापासून घडवायला दहा-दहा वर्षं लागतात. जुन्याचा डोस ठाऊक असतो, दुष्परिणाम ठाऊक असतात, कारखाना चालू असतो, दुकानात डबे असतात. एड्सवरचं पहिलं औषध एझेडटी असंच सापडलं. १९६४ साली ते कर्करोगासाठी बनवलं गेलं, तिथे चाललं नाही म्हणून बाजूला पडलं आणि १९८७ साली एड्ससाठी मंजूर झालं. म्हणजे माळ्यावर टाकलेल्या औषधांतही जीव वाचवणारं काही सापडतं. अडचण एवढीच की ओळखीचं औषध नव्या रोगापुढे अर्धंच ओळखीचं उरतं. ते किती द्यायचं हे माहीत असतं. कोणाला द्यायचं, आजाराच्या कितव्या दिवशी द्यायचं आणि मुळात द्यायचं का, हे माहीत नसतं.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचंच पाहा. १९५५पासून बाजारात असलेली ही गोळी हिवताप, ल्युपस आणि संधिवात यांसाठी वापरली जाते. मुंबईची इप्का आणि अहमदाबादची झायडस या तिच्या मोठ्या उत्पादक. प्रयोगशाळेतल्या बशीत तिने नव्या विषाणूला रोखलं, तेव्हा आशा वाढली. बशीत होत्या व्हेरो पेशी, म्हणजे आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडातल्या. या पेशींत विषाणू ज्या वाटेने आत शिरतो ती वाट आम्लतेवर अवलंबून असते आणि हे औषध तीच आम्लता बिघडवतं. माणसाच्या फुफ्फुसाच्या पेशींना मात्र दुसरं दार आहे. तिथे पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाच्या मदतीने विषाणू थेट आत घुसतो. त्या दाराशी औषधाचा काही संबंधच नाही. जर्मन संशोधकांनी हे २०२०च्या जुलैत दाखवून दिलं. पुढे २०२१मध्ये आणखी एक गंमत कळली. बशीत विषाणूवर चालणारी अशी कितीतरी जुनी औषधं प्रत्यक्षात पेशीतल्या स्निग्ध पदार्थांची व्यवस्था विस्कटून टाकत होती. विषाणू रोखला जात होता तो पेशीत चरबी साचून, आणि तो परिणाम माणसाच्या शरीरात उपयोगाचा नव्हता. एकाच खोट्या खुणेमागे जगभरच्या किती प्रयोगशाळा धावल्या असतील, याचा विचार केला की थकायला होतं.

बशीनंतरचा दुसरा पुरावा मार्सेहून आला. तिथले नामांकित सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ दिदिए राउल्त यांच्या चमूने २० मार्च २०२० रोजी ३६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या २० जणांना औषध दिलं होतं. मुळात ते २६ जणांना दिलं गेलं होतं. सहा जण हिशेबातून वगळले गेले. तिघं अतिदक्षता विभागात गेले होते, एक दगावला, एकाला मळमळ होऊ लागल्याने औषध बंद करावं लागलं आणि एक घरी निघून गेला. मागे राहिलेल्या २० जणांच्या नाकातला विषाणू लवकर नाहीसा झाला, असा निष्कर्ष निघाला. परीक्षेला बसलेल्यांपैकी नापास झालेल्यांची नावं पटावरून खोडली तर कोणत्याही शाळेचा निकाल शंभर टक्के लागेल. हा लेख नियतकालिकाने अखेर मागे घेतला तो २०२४च्या डिसेंबरात. तोवर या गोळीला जे जग फिरायचं ते फिरून झालं होतं.

आपल्याकडे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, कृती दलाने मार्चच्या चौथ्या आठवड्यात आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आणि रुग्णाच्या घरच्यांसाठी ती प्रतिबंधक म्हणून सुचवली. एप्रिलमध्ये धारावी आणि वरळीतल्या रहिवाशांना ती वाटायचा बेत निघाला, त्यावर बरीच चर्चा झाली आणि तो बाजूला ठेवला गेला. मला हा न झालेला प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. जुलैपर्यंत धारावीतली साथ आटोक्यात आली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं जाहीर कौतुक केलं. एप्रिलमध्ये घरोघरी गोळ्या वाटल्या गेल्या असत्या, तर ते सारं श्रेय गोळीच्या पदरात पडलं असतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली असती, आणि तो कावळा जगभर मिरवला गेला असता. धारावीतल्या डॉक्टरांचे, पालिकेच्या माणसांचे, शौचालयं धुणाऱ्यांचे कष्ट तळटिपेत गेले असते.

हा कावळा ओळखायचा कसा? डॉक्टरचा अनुभव इथे फारसा कामी येत नाही. ज्या आजारात शंभरातले पंच्याण्णवांहून अधिक लोक कसेही बरे होतात, त्यात कोणाच्याही हाताला गुण येतो. डॉक्टरने जे दिलं त्याने माणूस बरा झाला, असं डॉक्टरलाही वाटतं आणि माणसालाही. म्हणून तुलनेसाठी औषध न दिलेला गट लागतो. तो गटही डॉक्टरच्या मर्जीने निवडून चालत नाही, कारण डॉक्टर माणूसच असतो. तो एकतर जास्त आजाऱ्याला औषध देतो किंवा जगेल असं वाटतं त्याला देतो आणि दोन्ही गट सुरुवातीलाच वेगळे होऊन बसतात. मग उरतो तो एकच मार्ग, चिठ्ठी टाकायची. कोणाला मिळेल आणि कोणाला नाही, हे नशिबावर सोपवायचं. ऐकायला निष्ठुर वाटतं. पण त्या घडीला औषध तारतं की मारतं हे कोणालाच माहीत नसतं, तेव्हा चिठ्ठी न निघालेल्या माणसावर अन्याय झाला असं धरून चालायलाही आधार नसतो.

वैद्यकात ही रीत रुळली ती टंचाईतून. महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये क्षयावरचं नवं औषध स्ट्रेप्टोमायसिन अमेरिकेहून मोजकंच येत होतं आणि जास्त घ्यायला डॉलर नव्हते. सगळ्यांना पुरणार नाही हे उघड होतं. तेव्हा ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने वाटणीसाठी बंद पाकिटं तयार केली. पाकिटात निघेल तसं, काहींना औषध आणि काहींना त्या काळी प्रचलित असलेली नुसती विश्रांती. १०७ रुग्ण होते. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ दगावले आणि न मिळालेल्या ५२ पैकी १४. १९४८ साली हा निकाल छापून आला. स्ट्रेप्टोमायसिनबद्दलचा वाद मिटला आणि पाकिटांची पद्धत कायमची रुजली.

स्ट्रेप्टोमायसिनचा फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता. कोव्हिडमध्ये तसं भाग्य नव्हतं. समजा, इस्पितळात दाखल झालेल्या शंभरातले २५ दगावतात आणि औषधाने ते २० वर येतात. पाच जीव, म्हणजे लहान गोष्ट नाही. पण शंभर-शंभराच्या दोन गटांत पाचाचा फरक निव्वळ योगायोगानेही सहज पडतो. तो खरा आहे हे छातीठोक सांगायला हजारो रुग्ण लागतात. ३६ रुग्णांत किंवा ३० रुग्णांत ते कधीच दिसणार नाही. तीस हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. सोरायसिसवरचं इटोलिझुमॅब हे इंजेक्शन आपल्याकडे जुलै २०२०मध्ये मंजूर झालं ते ३० रुग्णांच्या चाचणीवर. २० जणांना दिलं, १० जणांना नाही.

हजारो रुग्णांचं काम ब्रिटनमध्ये झालं. ऑक्सफर्डच्या मार्टिन लँड्रे आणि पीटर हॉर्बी यांनी रिकव्हरी नावाच्या चाचणीचा आराखडा १० मार्च २०२०च्या सुमारास लिहायला घेतला आणि १९ मार्चला तिचा पहिला रुग्ण नोंदला गेला. लँड्रे हृदयरोगाच्या अवाढव्य चाचण्यांत मुरलेले, तर हॉर्बी साथींच्या मागे फिरलेले. लायबेरियात इबोलाची साथ ओसरत असताना सुरू केलेली चाचणी रुग्णच उरले नाहीत म्हणून गुंडाळावी लागते, हा अनुभव हॉर्बींच्या गाठीशी होता. साथीत वेळ दवडला की प्रश्न अनुत्तरितच राहतो, हे त्यांना नव्याने शिकायचं नव्हतं.

या चाचणीचं खरं मर्म तिच्या फॉर्ममध्ये आहे. वॉर्डातल्या दमलेल्या डॉक्टरने संमती घ्यायची, संकेतस्थळ उघडायचं आणि थोडकी माहिती भरायची. वय काय, मधुमेह आहे का, ऑक्सिजन लावलाय की व्हेंटिलेटर. बटण दाबलं की संगणक तिथल्या तिथे चिठ्ठी काढून सांगणार की याला अमुक औषध द्या किंवा नेहमीचेच उपचार चालू ठेवा. त्यानंतर दुसरा फॉर्म एकदाच भरायचा, रुग्ण घरी गेला, दगावला किंवा २८ दिवस झाले की. जगला का? व्हेंटिलेटर लागला का? बस्स. जादा रक्त काढणं नाही, रोजचे तक्ते नाहीत. बाकीची माहिती देशाच्या आरोग्यसेवेच्या नोंदींतून आपोआप जोडली जाई. शिवाय देशाच्या वैद्यकीय प्रमुखांनी डॉक्टरांना पत्रच पाठवलं होतं की सिद्ध न झालेली औषधं परस्पर देऊ नका, रुग्णाला चाचणीत घाला. १७६ इस्पितळं सामील झाली. दाखल होणाऱ्या साधारण सहा रुग्णांमागे एक जण चाचणीत होता, आणि जूनच्या सुरुवातीपर्यंत अकरा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते.

मधल्या काळात एक विचित्र प्रकरण घडून गेलं. २२ मे रोजी लॅन्सेटमध्ये ६७१ इस्पितळांतल्या ९६ हजारांवर रुग्णांच्या नोंदींचा आधार सांगणारा लेख आला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने मृत्यू वाढतात, असं त्यात म्हटलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला तो भाग तडकाफडकी थांबवला. मग सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीकडे ती माहिती मुळात आहे तरी का, असे प्रश्न उठले. तपासायला मूळ नोंदी मिळेनात आणि ४ जूनला लेख मागे घेतला गेला. गोळीच्या बाजूचा पुरावा कच्चा होता, विरोधातला संशयास्पद निघाला. दुसऱ्याच दिवशी, ५ जूनला, रिकव्हरीने खरं उत्तर जाहीर केलं. गोळीने मृत्यू कमी होत नाहीत. अंतिम आकडे औषध घेतलेल्यांत २७ टक्के मृत्यू आणि न घेतलेल्यांत २५ टक्के असे आले. महिनाअखेरीस एड्सवरच्या लोपिनाविर-रिटोनाविरचाही असाच निकाल लागला.

या दोन नकारांच्या मधोमध, १६ जूनला, होकार आला. तो ज्या औषधासाठी आला त्याच्यावर फार कोणी पैज लावली नसती. डेक्सामेथासोन आपल्याकडे नवखं मुळीच नाही. खेड्यापाड्यांत दम्याच्या उबळीला, अंगावर पित्त उठलं तर, नुसत्या तापालाही ‘डेक्सा’ टोचणारे डॉक्टर पिढ्यान् पिढ्या आहेत. १९५०च्या दशकातलं हे स्टेरॉइड काही रुपयांत मिळतं. पण त्याचं काम शरीराची प्रतिकारशक्ती दाबायचं. विषाणूजन्य आजारात ते द्यावं की नाही यावर २००३च्या सार्सपासून वाद होता आणि साथीच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सरसकट देऊ नका असाच होता.

रिकव्हरीत २१०४ रुग्णांना रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, दिलं गेलं आणि ४३२१ जणांना दिलं गेलं नाही. व्हेंटिलेटरवर असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आलं. नुसता ऑक्सिजन लागलेल्यांत ते २६.२ वरून २३.३ झालं. व्हेंटिलेटरवरच्या साधारण आठ रुग्णांना औषध दिलं की एक जीव वाचत होता. तिसरा आकडा मात्र घाईत कोणी वाचला नाही. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांच्यात औषध घेतलेले १७.८ टक्के दगावले आणि न घेतलेले १४ टक्के. संख्याशास्त्राच्या हिशेबाने हा फरक पक्का म्हणता येत नाही, पण फायद्याची खूण नव्हती आणि तोट्याची शंका होती. कारण समजायला अवघड नाही. पहिल्या आठवड्यात लढाई विषाणूशी असते, तेव्हा प्रतिकारशक्तीचे हात बांधायचे नसतात. दुसऱ्या आठवड्यात काहींच्या बाबतीत तीच प्रतिकारशक्ती बेभान होऊन फुफ्फुसं सुजवते, तेव्हा तिला आवर घालावा लागतो. औषध तेच, दिवस वेगळा.

इंग्लंडच्या आरोग्यसेवेच्या अंदाजानुसार पुढच्या नऊ महिन्यांत या एका निष्कर्षाने जगभर दहा लाख जीव वाचले. अंदाज अंदाजच असतो, निम्मा धरला तरी पुष्कळ आहे.

आता घराकडे वळू. भारतात चाचण्या झाल्याच नाहीत असं कोणी म्हणेल तर ते खोटं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीचा भारतातला कारभार पुण्यात भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतून चालला आणि डॉ. शीला गोडबोले राष्ट्रीय समन्वयक होत्या. २६ इस्पितळांतले ९३७ रुग्ण भारताने त्यात घातले. ऑक्टोबर २०२०मध्ये ३० देशांतल्या ११,२६६ रुग्णांचा निकाल आला, त्यात हे आपले लोकही होते. रेमडेसिव्हिर, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, लोपिनाविर, इंटरफेरॉन यांपैकी एकानेही मृत्यूंवर ठळक परिणाम केला नव्हता. आयसीएमआरची प्लाझ्माची चाचणी तर मला त्या वर्षातलं आपलं सर्वांत नेटकं काम वाटतं. ३९ इस्पितळं, ४६४ रुग्ण, एप्रिल ते जुलै, भर टाळेबंदीत. बरे झालेल्यांचा प्लाझ्मा दिलेल्यांत १९ टक्के रुग्ण गंभीर झाले किंवा दगावले, न दिलेल्यांत १८ टक्के. ब्रिटिश मेडिकल जर्नलने हा निकाल छापला, जगाने त्याची दखल घेतली.

आपण घेतली का? महाराष्ट्र राज्याने २९ जून २०२०ला नागपूरला केंद्र धरून प्लॅटिना हा प्लाझ्माचा प्रकल्प मोठ्या थाटात सुरू केला होता. आयसीएमआरचा निकाल आल्यावरही व्हॉट्सॲपवर ‘ओ पॉझिटिव्ह प्लाझ्मा तातडीने हवा’ हे संदेश दुसऱ्या लाटेपर्यंत फिरत राहिले. राष्ट्रीय मार्गदर्शिकेतून प्लाझ्मा हटला १७ मे २०२१ला. पुरावा आपलाच होता, तरी तो आपल्या वॉर्डात पोचायला सात महिने लागले.

औषध बाजारात आधी आणि पुरावा मागाहून, या उलट्या वरातीचा नमुना म्हणजे फॅव्हिपिराविर. जपानने २०१४ साली हे औषध नव्या फ्लूच्या साथीसाठी राखीव म्हणून मंजूर केलं होतं. जून २०२०मध्ये मुंबईच्या ग्लेनमार्कने फॅबिफ्लू नावाने ते आणलं, गोळी १०३ रुपयांना. पहिल्या दिवशी सकाळी नऊ गोळ्या, रात्री नऊ. मग रोज चार आणि चार, चौदा दिवसांपर्यंत. बेरीज १२२ गोळ्या, सुमारे साडेबारा हजार रुपये. सौम्य आजाराच्या, बहुतेक आपोआप बरं होणाऱ्या माणसासाठी. स्वतः डॉक्टर असलेले शिरूरचे खासदार अमोल कोल्हे यांनी किमतीबद्दल आणि दाव्यांबद्दल औषध महानियंत्रकांकडे तक्रार केली, किंमत ७५ वर आली, नंतर कंपनीला विचारणाही झाली. कंपनीच्या १५० रुग्णांच्या चाचणीत विषाणू जायला औषधाने पाच दिवस लागले आणि त्याविना सात. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. पण मेडिकलच्या काउंटरवर तोवर फॅबिफ्लू हे कोव्हिडच्या औषधाचं दुसरं नाव होऊन बसलं होतं.

आणि एप्रिल २०२१. रेमडेसिव्हिरसाठी पुण्यात, नागपुरात, मुंबईत उन्हात उभ्या राहिलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या त्यांना वर्णनाची गरज नाही. अमेरिकेतल्या चाचणीत या औषधाने बरं व्हायचा काळ पंधरा दिवसांवरून दहावर आणला होता, मृत्यूबद्दल खात्रीचं उत्तर मिळालं नव्हतं. नोव्हेंबर २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते देऊ नका असं सुचवलं होतं. तरीही प्रत्येक चिठ्ठीवर सहा कुप्या लिहिल्या जात होत्या आणि नातेवाईक त्यांच्यासाठी दागिने मोडत होते. राज्याने कमाल दर ठरवला, केंद्राने निर्यात थांबवली, जिल्हाधिकाऱ्यांकडे वाटप आलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्यात लक्ष घालावं लागलं. एवढी धडपड ज्याच्यासाठी चालली होती त्याने नेमका किती फायदा होतो, याचं उत्तर सॉलिडॅरिटीने २०२२मध्ये दिलं. व्हेंटिलेटर नसलेल्या, ऑक्सिजनवरच्या रुग्णांत १४.६ टक्के विरुद्ध १६.३ टक्के. म्हणजे थोडासा. व्हेंटिलेटरवरच्यांत फायदा दिसला नाही.

त्या रांगेवरून मला राहून राहून ब्रॅडफर्ड हिलची पाकिटं आठवतात. औषध सगळ्यांना पुरणार नव्हतं, म्हणजे कोणीतरी त्यावाचून राहणारच होतं. ते कोण हे ओळखीने, पैशाने, आमदाराच्या फोनने आणि रांगेत आठ तास उभं राहू शकणाऱ्या मुलाने ठरवलं. त्याऐवजी जिल्हाधिकाऱ्यांच्या त्याच यादीवर चिठ्ठ्या टाकल्या असत्या आणि २८ दिवसांनी फक्त एक प्रश्न विचारला असता, तर वाटप अधिक न्याय्य झालं असतं आणि जगाला जे उत्तर एक वर्षाने मिळालं ते महाराष्ट्राने एका महिन्यात दिलं असतं. रुग्ण होते, टंचाई होती, यादी होती. संतापलेल्या नातेवाइकाला हे समजावणं सोपं नव्हतं, हे मान्य. पण रांगेचं समर्थन करणं त्याहून सोपं होतं का?

माझ्या नात्यातल्या एका गृहस्थांची मे २०२१ची फाइल मी मागून घेतली. वय ५४, मधुमेह, दाखल करताना ऑक्सिजन ९७. पहिल्या दिवसाचा कागद : इव्हर्मेक्टिन १२, डॉक्सी, फॅबिफ्लू, झिंक, लिमसी, पोटासाठी पॅन-४०, रक्त पातळ करायचं पोटातलं इंजेक्शन, रेमडेसिव्हिर २०० आणि पुढे रोज १००, मिथाइलप्रेडनिसोलोन सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या पानावर साखर ४१०. गृहस्थ बरे झाले, आजही रोज फिरायला जातात. कशाने बरे झाले, हे त्या फाइलवरून कोणालाही सांगता येणार नाही. राज्यभरच्या इस्पितळांत अशा लाखो फायली असतील. औषधं सगळ्यांना दिली गेली, तुलनेला कोणी उरलंच नाही, त्यामुळे त्या ढिगाऱ्यातून ज्ञान म्हणून हाती काही लागत नाही.

ऑक्सिजन ९७ असताना पहिल्याच दिवशी सुरू केलेलं स्टेरॉइड हा त्या फाइलमधला सर्वांत गंभीर मजकूर. रिकव्हरीचा तिसरा आकडा तेव्हा दहा महिन्यांचा जुना झाला होता. एम्सचे संचालक रणदीप गुलेरिया यांनीही मेच्या सुरुवातीला जाहीरपणे सांगितलं होतं की सौम्य आजारात, लवकर, स्टेरॉइड घेऊ नका. त्याच महिन्यात म्युकरमायकोसिसचा, काळ्या बुरशीचा, कहर झाला. वरचा जबडा काढावा लागलेले, एक डोळा गमावलेले लोक आपल्या आसपास आहेत. देशात पन्नास हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, सर्वाधिक महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये. एकट्या स्टेरॉइडला आरोपी करता येणार नाही, अनियंत्रित मधुमेहाचा त्यात मोठा वाटा होता. पण गरज नसताना, जादा डोसात आणि जादा दिवस दिलेल्या स्टेरॉइडनेच अनेकांची साखर तिथवर नेली होती. रिकव्हरीत सहा मिलिग्रॅम आणि दहा दिवस म्हटलं होतं. आपण निकालातलं औषध तेवढं उचललं, अटी तिथेच ठेवल्या.

शेजारी गोव्यात १० मे २०२१ला आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी अठरा वर्षांवरच्या सर्वांना इव्हर्मेक्टिन द्यायचं जाहीर केलं, आजार असो वा नसो, १२ मिलिग्रॅम, पाच दिवस. दुसऱ्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन यांनी ट्विट करून आठवण दिली की चाचणीबाहेर ते वापरू नये असा संघटनेचा सल्ला आहे. इव्हर्मेक्टिन हे मोठं औषध आहे. त्याच्या शोधाला २०१५चं नोबेल मिळालं आणि आफ्रिकेतल्या नदीकाठच्या अंधत्वाशी लढताना त्याने लाखोंची दृष्टी राखली. कोव्हिडमधली त्याची कीर्ती मात्र पुन्हा बशीतून आली होती. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात वापरलेली तीव्रता माणसाच्या रक्तात आणायला मंजूर डोसाच्या कित्येक पट औषध लागलं असतं. त्याच्या बाजूचा एक ठळक इजिप्शियन अभ्यास जुलै २०२१मध्ये मागे घेतला गेला. लंडनमधल्या एका विद्यार्थ्याने त्यातल्या गफलती उघडकीला आणल्या, आणि रुग्णांच्या नोंदींच्या नकलाही त्यात सापडल्या. पुढे ब्राझीलमध्ये, त्याच बोल्सोनारोंच्या देशात, १३५८ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून इव्हर्मेक्टिन तपासलं गेलं. फायदा दिसला नाही. सप्टेंबर २०२१मध्ये आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेतून इव्हर्मेक्टिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दोन्ही निघाली.

लहान चाचण्या नेहमी भाबडा होकारच देतात असं नाही, त्या खोटा नकारही देतात. टोसिलिझुमॅब हे संधिवातावरचं इंजेक्शन, भारतात तेव्हा एकेक कुपी चाळीस हजारांच्या घरात होती. सुरुवातीच्या बहुतेक चाचण्यांत ते कुचकामी दिसलं. रिकव्हरीने ४११६ रुग्ण घेतले तेव्हा स्टेरॉइडच्या जोडीने ते उपयोगी ठरलं, मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१. त्याच यंत्रणेने अॅस्पिरिन, कोल्चिसिन, अझिथ्रोमायसिन आणि प्लाझ्मा यांना निरोप दिला. नकारांची यादी होकारांपेक्षा लांब आहे, आणि माझ्या मते तिची किंमतही कमी नाही. प्रत्येक नकाराने एकेका घराचे काही हजार वाचवायला हवे होते.

कोव्हिड ओसरल्यावर रिकव्हरी बंद पडली नाही. इस्पितळात दाखल होणाऱ्या फ्लूच्या रुग्णांकडे ती वळली. त्यांना डेक्सामेथासोन द्यावं का, हा तिचा एक प्रश्न. दुसरा प्रश्न ऑसेल्टामिविरचा, म्हणजे पुण्याने २००९च्या ऑगस्टमध्ये तोंडपाठ केलेल्या टॅमिफ्लूचा. नायडू रुग्णालयाबाहेर रुमाल बांधून लोक ताटकळले होते ते या गोळ्यांसाठी आणि तपासणीसाठी. मूळ चाचण्या घरीच बरे होणाऱ्या रुग्णांवर झाल्या होत्या आणि त्यात आजार सुमारे एका दिवसाने आखडला होता. दाखल झालेल्या, धाप लागलेल्या माणसाचा जीव या गोळीने वाचतो का, हे विचारायला हजारो रुग्ण आणि एक चिठ्ठी लागते. पुण्याच्या त्या ऑगस्टनंतर दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर तो प्रश्न ऑक्सफर्डच्या फॉर्मवर आला.